रस्त्यांचा मक्ता आणि शेतकऱ्याची पट्टी

मुंबईच्या घाऊक बाजारांतून येणारी पट्टी आमच्या शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाची आहे. मालाचें वजन, मिळालेला भाव, त्यांतून वजा केलेली हमाली, तोलाई व भाडें, आणि तळाशीं उरलेली रक्कम, असा हा हिशेब वाचतांना आपली नजर साहजिकच शेवटच्या आंकड्याकडे जाते. 'भाडें' ह्या एका शब्दाखालीं काय काय दडलें आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. त्यांत डिझेल असतें, चालकाची मजुरी असते, टायरची झीज असते, आणि वाटेंतील नाक्यांवर भरलेला टोलही असतो. हा टोल कोण घेतो, किती वर्षें घेणार आणि तो केव्हां फिटणार, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें पट्टींत सांपडत नाहींत. तीं शोधण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लोकांच्या पैशानें किंवा लोकांच्या नांवावर काढलेल्या कर्जानें बांधलेला रस्ता, त्यावरील टोल वसूल करण्याच्या हक्कासह, ठराविक मुदतीसाठीं एखाद्या खाजगी कंपनीस द्यावा व मोबदल्यांत सरकारनें आगाऊ पैसा घ्यावा, ही रीति आतां देशोदेशीं रूढ झाली आहे. तिच्यावरील वाद दोन टोकांचा आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारास हा धंदा जमत नाहीं, म्हणून सारे रस्ते मक्त्यानें द्यावे. दुसरा म्हणतो, टोल म्हणजे लूट, म्हणून सारे नाके मोडून टाकावे. आमच्या मतें दोन्ही पक्ष मुद्द्याच्या बाजूनें निघून जातात. मक्ता द्यावा कीं न द्यावा, ह्यापेक्षां दिलेला मक्ता कशानें संपतो, हा खरा प्रश्न आहे. तो ठरलेल्या तारखेस संपावा, कीं रक्कम फिटतांच संपावा? शेतकऱ्याचें हित ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मक्ता ही वस्तु महाराष्ट्रास नवी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महालांचा वसूल अधिक बोली करणाऱ्यास इजाऱ्यानें देण्याची चाल बोकाळली, आणि तिचे परिणाम एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालच्या आपल्या अहवालांत नमूद केले आहेत. इजारदार आपल्या मुदतींत दिलेला पैसा नफ्यासह काढून घेण्याच्या मागें लागे. मुदतीनंतर गांव ओस पडला कीं नांदता राहिला, याची त्यास पर्वा नसे. आजच्या रस्त्यांच्या मक्त्याची ह्या इजाऱ्याशीं सरसकट तुलना करणें न्यायाचें होणार नाहीं. आज टोलाचे दर सरकारी अधिसूचनेनें ठरतात, करार लेखी असतो, आणि दाद मागण्यास न्यायालयें आहेत. तथापि एक साम्य राहतेंच. हातीं रोख पडावी म्हणून पुढील अनेक वर्षांचें उत्पन्न दुसऱ्याच्या हवालीं करणें, हा व्यवहार तेव्हांही तोच होता व आजही तोच आहे. आणि अशा व्यवहारांत पुढील उत्पन्नाचा अंदाज ज्याचा चुकतो, तो बुडतो.

आपल्या नित्य वहिवाटीचें उदाहरण घेऊं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें कर्ज उभारून बांधला, व तो २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. २००४ सालीं ह्या मार्गावरील व जुन्या मुंबई-पुणें महामार्गावरील टोल वसूल करण्याचा हक्क, देखभालीच्या जबाबदारीसह, १५ वर्षांकरितां एका खाजगी कंपनीस ९१८ कोटी रुपयांस देण्यांत आला. ही मुदत ऑगस्ट २०१९ मध्यें संपली. पण टोल संपला नाहीं. २०२० सालीं त्याच मार्गांचा मक्ता सुमारें १० वर्षांकरितां पुन्हां देण्यांत आला, तेव्हां ठरलेली रक्कम ८,२६२ कोटी रुपये होती.

हे दोन आंकडे शेजारीं मांडले म्हणजे सहज राग येतो; पण रागापूर्वीं हिशेब करावा. आगाऊ मिळालेल्या रुपयास व्याजाचें मोल असतें, हें पीककर्ज काढणाऱ्यास सांगावयास नको. दरसाल दरशेंकडा १० व्याज धरलें, तर ९१८ कोटींचें कर्ज १५ वर्षांत सारख्या हप्त्यांनीं फेडण्यास दरसाल सुमारें १२० कोटी रुपये लागतात. दुसऱ्या मक्त्याची रक्कम मात्र व्याज न धरतांही दरसाल ८०० कोटींहून अधिक पडते. मधल्या काळांत रुपया स्वस्त झाला, दर तीन वर्षांनीं टोल शेंकडा १८ नें वाढत गेला, आणि वाहनेंही वाढलीं. म्हणून हे दोन आंकडे एका मापानें मोजतां येत नाहींत. देखभालीचा खर्चही मक्तेदाराकडेच होता, त्यामुळें पहिल्या मक्त्यांत निव्वळ नफा किती झाला, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. परंतु एक गोष्ट निश्चित ठरते. वाढत्या रहदारीचें फळ पुढील १५ वर्षें कोणाकडे जावयाचें, हें २००४ सालींच ठरून गेलें होतें. कारण मुदत वर्षांनीं बांधली होती, वसुलानें नव्हे.

आतां पट्टीकडे वळूं. १ एप्रिल २०२३ पासून ह्या मार्गावर टेंपोस एका बाजूच्या प्रवासाचा टोल ४९५ रुपये ठरला. जातांना माल व येतांना रिकामी गाडी, म्हणजे ९९० रुपये झाले. गाडींत ३ टन भाजीपाला असेल, तर ह्या दरानें किलोमागें ३३ पैसे पडतात. टोमॅटोस किलोला ३० रुपये भाव असतो, तेव्हां ३३ पैशांचें कोणास कांहीं वाटत नाहीं. पण भाव पडून ३ रुपयांवर येतो, तेव्हां हेच ३३ पैसे एकूण किंमतीच्या नवव्या हिश्शाएवढे होतात. भाव कोसळला म्हणून टोल कोसळत नाहीं. आणि गाडीवाला किंवा व्यापारी तो आपल्या पदरचा भरीत नाहीं. ट्रॅक्टरास राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे, असें सांगून शेतकऱ्याचें समाधान करणारे हें विसरतात कीं, साताऱ्याचा किंवा जुन्नरचा भाजीपाला ट्रॅक्टरानें मुंबईस जात नाहीं. उलट पक्षीं, चांगल्या रस्त्यानें माल लवकर पोंचतो, टोमॅटो कमी फुटतो व पालेभाजी कमी कोमेजते, हेंही न्याय म्हणून सांगितलें पाहिजे. चांगल्या रस्त्याचें मोल देण्यास शेतकरी नाखूष नाहीं. फिटलेल्या रस्त्याचें मोल पुन्हां पुन्हां देण्यास तो नाखूष आहे.

मक्त्याच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें पूर्ण ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, रस्त्यांत अडकलेला पैसा मोकळा होऊन नवे रस्ते होतात; देखभाल करारानें बांधली जाते; आणि रहदारी कमी भरल्यास तोटा कंपनीचा होतो, सरकारचा नव्हे. ह्याच विचारानें केंद्र सरकारनें २०१६ सालीं बांधून झालेले राष्ट्रीय महामार्ग मक्त्यानें देण्याची योजना मंजूर केली, व २०१८ सालीं पहिल्या गटांतील आंध्र प्रदेश व गुजराथ येथील सुमारें ६८० किलोमीटरचे नऊ रस्ते ३० वर्षांकरितां ९,६८१ कोटी रुपयांस दिले. हा पैसा खरा आहे, व त्यांतून नवें बांधकाम होतें हेंही खरें आहे. पण ३० वर्षें म्हणजे एका पिढीचा सारा कर्तेपणा. आज जो मुलगा बापाबरोबर प्रथमच पाभर धरतो, त्याचे केंस पिकूं लागेपर्यंत हा मक्ता चालावयाचा. रक्कम आजचें सरकार खर्च करील. टोल मात्र तो मुलगा भरील. राहिला 'तोटा कंपनीचा' हा मुद्दा. तो कितपत टिकतो, हें शेतीवर जगणाऱ्या एका परदेशी राज्याच्या अनुभवावरून पाहूं.

अमेरिकेंतील इंडियाना हें मका व सोयाबीन पिकविणारें राज्य आहे. २००६ सालीं त्यानें आपल्या उत्तर भागांतून जाणारा १५७ मैलांचा टोलरस्ता ७५ वर्षांकरितां एका स्पॅनिश व एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या भागीदारीस दिला, व ३८० कोटी डॉलर रोख घेतले. त्या पैशानें राज्यांत पुष्कळ रस्ते झाले, हें नाकारतां येत नाहीं. पुढें मंदी आली, रहदारी अंदाजाइतकी भरली नाहीं, आणि कर्जाखालीं दबलेल्या मक्तेदारानें २०१४ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१५ सालीं दुसऱ्या गुंतवणूकदारांनीं उरलेल्या मुदतीचा हक्क ५७२ कोटी डॉलरांहून अधिक देऊन विकत घेतला. येथवर तोटा खरोखर कंपनीचा व तिच्या सावकारांचा झाला, असें म्हणतां येईल. परंतु २०१८ सालीं राज्यास पुन्हां पैसा हवा होता, तेव्हां मक्तेदाराकडून १०० कोटी डॉलर घेऊन जड मालमोटारींचा टोल शेंकडा ३५ नें वाढविण्यास राज्यानेंच मान्यता दिली. मक्ता लांब मुदतीचा झाला म्हणजे सरकारलाही दरवाढींत गोडी वाटूं लागते. कारण ती मान्य करून आणखी आगाऊ रक्कम उचलतां येते. अशा वेळीं धान्य वाहून नेणाऱ्याच्या बाजूनें बोलणारा कोणी उरत नाहीं.

दुसऱ्या टोकाचें उदाहरण आपल्याच कोल्हापुरांत घडलें. शहरांतील रस्त्यांच्या कामाच्या मोबदल्यांत ३० वर्षें टोल घेण्याचा करार झाला होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध व निःस्पृह नेत्याच्या पुढाकारानें लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारास २०१५ सालच्या अखेरीस टोल रद्द झाल्याचें जाहीर करावें लागलें. ह्या चिकाटीबद्दल कोल्हापूरकरांचें अभिनंदनच केलें पाहिजे. तथापि कंपनीची भरपाई सरकारवर आलीच. सरकारी पैसा म्हणजे, कोल्हापूरच्या नाक्यावरून कधीं न गेलेल्या जिरायत शेतकऱ्याचाही पैसा होय. वाईट करार मोडण्यास मोल पडतें. म्हणून करार करतांनाच डोळे उघडे पाहिजेत.

चांगला करार करतां येतो काय? येतो. इंग्लंड व वेल्स यांच्यामध्यें सेव्हर्न नदीच्या मुखावर एक जुना पूल होता व दुसरा बांधावयाचा होता. १९९२ सालच्या कायद्यानें दोन्ही एका खाजगी कंपनीकडे सोंपविण्यांत आले. पण मुदत नुसत्या वर्षांनीं बांधली नाहीं. १९८९ सालच्या किंमतींनीं मोजलेली एक ठराविक रक्कम वसूल झाली कीं मक्ता संपावा, आणि कोणत्याही परिस्थितींत तो ३० वर्षांहून अधिक लांबूं नये, अशी अट घातली. नवा पूल १९९६ सालीं खुला झाला. जानेवारी २०१८ मध्यें दोन्ही पूल सरकारकडे परत आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सरकारनें टोल सर्वस्वीं बंद केला. ३० वर्षांची मर्यादा भरण्यास तेव्हां सुमारें चार वर्षें अवकाश होता. तेथील टोल जबर आहे, अशी लोकांची तक्रार असे. पण त्या टोलाला अंत होता, व तो कशानें येणार हें कायद्यांत लिहिलेलें होतें.

आपल्याकडे ह्या पद्धतीवर तीन आक्षेप निघतील. पहिला हा कीं, वसूल मोजणार कोण? हातानें चिठ्ठ्या फाडल्या जात, तोंवर हा आक्षेप बिनतोड होता. परंतु राष्ट्रीय महामार्गांवर २०२१ पासून, व राज्याच्या रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आहे. त्या योगें टोल भरणाऱ्या वाहनाची नोंद आपोआप यंत्रांत होते. आंकडा आहे, तो लोकांस दाखविण्याची इच्छा पाहिजे. दुसरा आक्षेप असा कीं, मिळकत ठरलेली असल्यास कंपनी देखभालींत कसूर करील. त्यास उपाय म्हणून देखभालीचा मोबदला निराळा ठेवावा, व रस्ता नादुरुस्त राहिल्यास त्यांतून दंड कापावा. तिसरा आक्षेप, रहदारी कमी भरल्यास टोल लांबेल. हें खरें आहे, आणि म्हणूनच कमाल मुदतीची मर्यादा हवी. शिवाय ज्या कंपनीस मुद्दल व व्याज परत मिळण्याची बरीचशी शाश्वती आहे, तिनें नफाही बेताचाच मागितला पाहिजे. तारण भक्कम असलें कीं सावकार व्याज उतरवितो, हा आपला रोजचा अनुभव आहे.

मुंबई-पुणें मार्गाच्या चालू मक्त्याची मुदत २०३० सालीं भरते. त्या वेळीं पुन्हां एकदां मोठी रक्कम पुढें केली जाईल, आणि कोणत्याही पक्षाचें सरकार असलें तरी तिचा मोह त्यास पडेल. म्हणून आतांपासूनच शेतकऱ्यांनीं आपलें म्हणणें एकमुखानें मांडलें पाहिजे. आमच्या मतें तें असें असावें. पुढील प्रत्येक मक्ता ठरलेली रक्कम व्याजासह वसूल होतांच संपावा, व त्यास वर्षांची कमाल मर्यादा असावी. मूळ रक्कम, आजवरचा वसूल, देखभालीचा खर्च व राहिलेली बाकी, हे चार आंकडे दरमहा प्रत्येक नाक्यावर ठळक मराठी अक्षरांत लावावे. मुदतीच्या मध्यें दरवाढ किंवा मुदतवाढ देऊन आगाऊ रक्कम उचलावयाची असल्यास, विधिमंडळांत उघड चर्चा झाल्याशिवाय तसें करूं नये. आणि बाजारांतील पट्टीवर टोल भाड्यापासून वेगळा दाखवावा, म्हणजे आपण काय भरतों हें शेतकऱ्यास कळेल. हें शेवटचें काम तर सरकारची वाट न पाहतां आपल्या संघांस स्वतःच सुरू करतां येण्यासारखें आहे.

कर्जाची बाकी शून्य झाली कीं सावकाराकडून खत परत घ्यावें व आपल्या डोळ्यांदेखत फाडावें, ही शिकवण आपल्या वाडवडिलांनीं पुष्कळ सोसल्यानंतर दिली आहे. घरच्या कर्जाविषयीं जी दक्षता आपण बाळगतों, तीच रस्त्याच्या कर्जाविषयीं बाळगावी. रस्ता आपला आहे, कर्जही आपलेंच आहे. मग त्याचा हिशेब मागण्यास संकोच कसला?