सिंह नसलेल्या देशातली सफारी

आफ्रिकेची सफारी म्हटली की आपल्याला केनिया-टांझानियाच आठवतात. उघडी जीप, पिवळं गवत, सिंहांचा कळप... पश्चिम किनाऱ्यावरचा गाम्बिया या चित्रात बसत नाही. आपल्या गोव्याच्या जेमतेम तिप्पट, एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला हा देश. हत्ती, सिंह, जिराफ तिथून कधीच नाहीसे झाले. तरीही वन्यजीव पाहायला तिथं जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६५ साली स्वीडनचे पहिले चार्टर पर्यटक तिथं उतरले. मग किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली. किनारा विकला की गावाच्या हाती काय उरतं, हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको! पण याच देशानं १९६८ साली अबुको हे शंभरेक हेक्टरचं छोटंसं रान राखीव केलं. १९७७ साली अध्यक्ष दावदा जवारा यांनी (हे मूळचे गुरांचे डॉक्टर) बांजुल जाहीरनामा काढून उरलेले वन्यजीव वाचवायची हाक दिली. आज तिथं पाचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. पहाटे होडीनं खारफुटीत शिरावं, सोबतीला गावचाच वाटाड्या घ्यावा, आणि खंड्या, बगळे, वेडे राघू पाहावेत. हे पैसे थेट त्याच्या घरी जातात.

नदीतल्या बबून बेटांवर १९७९ पासून चिंपांझींना आसरा दिला आहे. चोरट्या व्यापारातून सोडवलेल्या चिंपांझींपासून याची सुरुवात झाली. तिथं पर्यटकाला पाय ठेवता येत नाही, होडीतूनच पाहायचं. मला हा नियम फार आवडतो. पाहुण्यानं कुठं थांबावं हे इथं यजमान ठरवतो.

बकाऊ गावात काचिकाली नावाचं मगरींचं पवित्र तळं आहे. मूल व्हावं म्हणून बायका तिथल्या पाण्यानं न्हातात. पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून 'मानगे थापणी' करणाऱ्या आपल्या खाजनकाठच्या गावांना यात नवल वाटणार नाही. पर्यटक मात्र तिथं मगरीच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढतात. श्रद्धेनं राखलेल्या जनावराचं असं खेळणं होऊ नये.

'पण सिंह कुठाय?' असं विचारणाऱ्यांना सीमेपलीकडे सेनेगलमधल्या फाथाला अभयारण्यात नेतात. तिथले गेंडे दक्षिण आफ्रिकेहून आणलेले. हौस भागते, पण ते कुंपणातलं, उसनं रान. आपण सिंहच मागत राहिलो, तर विकणारा कुठूनही सिंह आणून उभा करील आणि खारफुटीतल्या वाटाड्याचं गिऱ्हाईक तुटेल.

जायचंच तर नोव्हेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत जावं. युरोपातून हिवाळ्यासाठी आलेले पक्षीही तेव्हा तिथं असतात. ठरवण्याआधी एवढंच विचारावं: वाटाड्या कुठला, आणि जनावरं कुठली?