गाठ एकच, दारं सहा

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले होते. पर्स ठेवायला आतल्या खोलीत शिरले आणि समोरच्या भिंतभर कपाटापुढे उभी राहिले. अक्रोडाच्या लाकडाचा गडद रंग, शिरा झकास. तिसऱ्या दारावर डोळ्याच्या आकाराची एक गाठ होती आणि नदीने दगडाला घालावा तसा शिरांनी तिला वळसा घातला होता. छान वाटलं. मग पाचव्या दाराकडे लक्ष गेलं. तिथेही तीच गाठ, तोच वळसा. पहिल्या दारावर, खाली पायाशी, पुन्हा ती. सहा दारांमध्ये मी ती चार वेळा मोजली. पाचवी बहुधा आरशामागे असावी.

यात गूढ काही नाही. आपण ज्याला सरसकट ‘सनमायका’ म्हणतो त्या लॅमिनेटच्या वरच्या थरात लाकडाचं छापील चित्र असतं. हा कागद मोठ्या रुळांवर छापतात. रूळ एकदा पूर्ण फिरला की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एका खऱ्या झाडाची एक गाठ कुणीतरी टिपली आणि आता ती पुण्यापासून पाटण्यापर्यंत शेकडो बेडरूममधून उघडते-मिटते आहे.

यजमानीणबाई मागून आल्या. “सगळं घर नेचर थीमवर केलंय,” म्हणाल्या. खरंच केलं होतं. हॉलमध्ये पिंपळपानाच्या आकाराचा दिवा, एका भिंतीवर कृत्रिम शेवाळाची हिरवी चौकट, आणि जेवणाचं टेबल म्हणजे दोन फळ्यांच्या मधून निळ्या रेझिनची ‘नदी’. मी कपाटावरून हात फिरवत विचारलं, “पावसाळ्यात याला काही होत नाही ना?”

“काहीच होत नाही,” त्या समाधानाने म्हणाल्या.

तेव्हापासून हे ‘काहीच होत नाही’ माझ्या डोक्यातून जात नाही. निसर्ग घरात यावा, पण येताना त्याने आपला स्वभाव दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवावा, अशी आपली सध्याची अट आहे. आणि हस्तकलेचा सगळा धंदा तर त्या स्वभावावरच उभा आहे.

माझ्याकडे आजीचं सागवानी कपाट आहे. दर पावसाळ्यात त्याचं दार फुगतं आणि सगळ्यात खालचा खण अडकतो. लहानपणी मला हा त्या कपाटाचा दोष वाटे. पुढे एका सुताराने समजावून सांगितलं. लाकूड कापून कितीही वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की ते आडवं फुगतं, शिरांच्या दिशेने मात्र जवळजवळ वाढतच नाही. म्हणून जुन्या दारांना चौकट आणि दिल्हे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, असतात. दिल्हा चौकटीच्या खाचेत सैल बसवायचा, सरस लावून डकवायचा नाही. म्हणजे श्रावणात त्याला फुगायला जागा राहते आणि वैशाखात आकसला तरी फट दिसत नाही. मी आयुष्यभर ज्याला नक्षी समजत होते, ती हवामानाशी केलेली तडजोड निघाली. आता लॅमिनेटच्या सपाट दारांवरही यंत्राने दिल्ह्यांचे चौकोन कोरतात. तिथे फुगण्याजोगं काही उरलेलंच नसतं.

लाकडाचं हे असं, तर बांबूची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची अद्दल मला स्वतःला घडली आहे. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी बांबूची खुर्ची घेतली. देखणी होती. वाकवलेले हात, पाठीला कामट्यांची वीण. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्याखाली रोज सकाळी पिठासारखी पांढरट रांगोळी पडायला लागली. झाडून काढावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कान लावला तर आत कुरकुर ऐकू येई. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, नॅचरल मटेरियल आहे.” एवढ्या दोन शब्दांत त्याने हात झटकले.

शेवटी एका पायाचा तुकडा पिशवीत घालून बुरूड आळीत गेले. तिथल्या एका वयस्कर काकांनी तो हातात घेतला, नखाने खरवडला, पेराजवळ टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाले, “ताई, खुर्ची चांगली केलीय. बांबू चुकला.” मग विचारलं, “कधी तोडलेला, विचारलं होतं का?”

मी किंमत विचारली होती. घरपोच देता का, ते विचारलं होतं. वर गादी फुकट मिळेल का, हेही विचारलं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. बांबूत पिष्ट असतं आणि भुंगेरा त्यासाठी येतो. पावसाळा म्हणजे बेटात नवे कोंब फुटायचे दिवस, तेव्हा कोयता लावायचा नाही. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडायचा. काठी किमान तीन वर्षांची हवी. वर्षाची काठी उंचीला पूर्ण वाढलेली दिसते, पण आतून कच्ची असते. वाळताना सुरकुतते, चिरते. आणि इथेच खरी मेख आहे. बेट बाहेरच्या अंगाने वाढतं. कोवळ्या काठ्या कडेला, सहज हाताला येतील अशा, आणि जून काठ्या मधल्या गर्दीत. घाईत असलेला माणूस कडेच्या तोडतो. जाणता माणूस एका बाजूने वाट करून आत शिरतो. तोडलेल्या काठ्या मग काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे पिष्ट निघून जातं. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात ठेवतात, तेही चांगलं. अमावास्येला तोडलेला बांबू टिकतो, असंही काका म्हणाले. त्याबद्दल माझं काही मत नाही. पण अमावास्येची वाट बघणारा माणूस निदान वाट बघतो, एवढं मला कळलं.

माझ्या खुर्चीच्या किमतीत वाकवणं होतं, विणणं होतं, पॉलिश होतं. पण कुणीतरी बेटाच्या मध्यापर्यंत शिरणं त्यात नव्हतं. ते दिसत नाही, म्हणून विकलं जात नाही. बांबूच्या वस्तूला ‘हाताने केलेली’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे विणणारे हात येतात, पण काम त्याच्या आधी तीन वर्षं सुरू झालेलं असतं.

बांबूची आपल्याकडे कायद्यानेही पुरेशी दमछाक केली. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत, पण १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत तो झाड होता. त्यामुळे स्वतःच्या बांधावरची काठी तोडून बाहेर न्यायची तरी अनेक ठिकाणी शेतकऱ्याला परवान्यांमागे धावावं लागे. २०१७ साली दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. त्याआधी, २०११मध्ये, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याच्या बळावर आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला होता. डिझायनर दिवाणखान्यातल्या बांबूच्या लँपशेडकडे बघताना हे आठवायची सक्ती नाही. मला आठवतं, इतकंच.

त्यातल्या त्यात कोकण नशीबवान. सिंधुदुर्गातला माणगा बांबू जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा आणि सरळ, जणू फर्निचरसाठीच उगवलेला. कुडाळच्या कॉनबॅकसारख्या संस्थेने त्यावर रीतसर प्रक्रिया करून टेबलं, खुर्च्या, घरंसुद्धा उभी केली आहेत. तिकडे मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या लवादा गावी, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू कारागिरांसोबत हेच काम दुसऱ्या टोकाने केलं. त्यांचा निसर्ग ‘थीम’ नाही. तो त्यांच्या हाताखालचा कच्चा माल आहे आणि कधीकधी हट्टी सहकारीही.

आता मी जरा अडचणीत येते, कारण माझ्या स्वतःच्या बैठकीत एका टोपलीत लाकडी फळं आहेत. सावंतवाडीच्या चितार आळीतली. आंबा, दोन केळी, सीताफळ, एक वांगं आणि एक लालभडक मिरची. नक्कल तर हीसुद्धा आहे. मग कपाटावरच्या छापील गाठीला नावं ठेवणारी मी या लाकडी आंब्याला काय म्हणून मान देते?

बरेच दिवस मला उत्तर सापडलं नाही. मग पाहुण्यांकडे लक्ष ठेवायला लागले. प्रत्येक जण आंबा उचलतो आणि उचलताच हसतो. वजन फसवतं. हा आंबा पिसासारखा हलका. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरलं जायचं ते पांगाऱ्याचं लाकूड मऊ आणि हलकं, म्हणून कोरायला, कातायला सोपं. आता आंब्याचं लाकूडही वापरतात, म्हणजे कधीकधी आंब्यातूनच आंबा कोरला जातो. माझ्या आंब्याच्या देठाशी हिरवट छटा आहे आणि एका गालावर तपकिरी डाग, जणू पाऊस लागलेला. केळ्यांच्या सालीवर काळे ठिपके आहेत, उद्या खाल्ली नाहीत तर वाया जातील असे. हे ठिपके काढणाऱ्याने केळ्याकडे नीट बघितलेलं आहे. गुळगुळीत पिवळं केळं रंगवलं असतं तरी ते विकलं गेलंच असतं. दुसऱ्या टोपलीतल्या केळ्यांवरचे ठिपके वेगळ्या जागी होते, हे मी तिथेच पडताळून पाहिलं. दुकानदाराला वाटलं मी घासाघीस करणार.

सावंतवाडीची ही कला एकदा विझत आली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवून लाखकामाला आणि गंजिफांना पुन्हा धुगधुगी आणली. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी डावात १२० पत्ते असतात आणि त्यांत मत्स्य, कूर्म, वराह असा सगळा परिवार. खेळणारे उरले नाहीत, म्हणून तीच चित्रं पाटांवर, चौरंगांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आली. आता कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये लॅपटॉप ठेवायच्या टेबलावर कासव आहे. मला ते आवडतं. आकार पुराणातला आणि उपयोग आजचा, आणि दोघांची भांडणं नाहीत.

निळ्या नदीच्या टेबलावर मात्र माझा राग आहे, आणि त्याचं कारण जॉर्ज नाकाशिमा. हा जपानी वंशाचा अमेरिकी वास्तुकार १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ इमारतीचं काम पाहत होता. पुढे महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यात हाही होता. तिथे एका जपानी सुताराकडून तो हाताने लाकूड घडवायला शिकला. फळीची झाडाकडची वेडीवाकडी कड न कापता तशीच ठेवायची, ही त्याची ओळख झाली. १९६४मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन त्याने तिथे फर्निचरही केलं. फळीला चीर पडली की तो ती लपवत नसे. चिरेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी ठोकून ती तिथेच थांबवत असे. चीर दिसते, टाकाही दिसतो. आजच्या टेबलांनी त्याची वेडीवाकडी कड उचलली आणि फटीत निळं रेझिन ओतलं. वाहत नाही अशी नदी, त्यात एखादा प्लॅस्टिकचा मासा.

कुणी म्हणेल, बाईंना बोलायला काय जातंय. बरोबर आहे. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली लॅमिनेटच आहे. तिथे पाणी सांडतं, वाळवीची भीती, आणि खऱ्या सागवानाचे पैसे माझ्याकडे नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी सामान हलवणाऱ्या मुलांना मी शिसवी पलंग घ्या म्हणून सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ओट्याखालच्या दाराने लाकडाचं सोंग का घ्यावं? ते सरळ पांढरं असू दे, हिरवं असू दे. आणि जे पैसे ‘नेचर थीम’वर जातात, त्यांतून एकच वस्तू खरी घ्यावी. माणग्याची एक खुर्ची. वेताने विणलेलं एक स्टूल. नाहीतर उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा. त्याच्यावर दुपारी दोनदा पाणी शिंपावं लागतं, हो. पण वासही त्या शिंपण्यामुळेच येतो.

आणि घेताना विचारावं. बांबू कधी तोडला? किती वर्षांचा? पाण्यात होता की बोरॅक्समध्ये? लाकूड किती वाळवलं? उत्तर देताना ज्याचा चेहरा खुलेल, त्याच्याकडून घ्यावं. ‘नॅचरल मटेरियल आहे मॅडम’ म्हणणाऱ्याकडून मी घेतली होती.

त्या खुर्चीचं पुढे काय झालं, तर बुरूड आळीतल्या काकांनी दोन पाय आणि एक हात बदलून दिला. जुन्या भागांना औषध पाजलं. पाठीची वीण तशीच ठेवली, म्हणाले, “विणणाऱ्याची काय चूक.” नवे पाय अजून जरा फिकट दिसतात.

आजीच्या कपाटाचा खालचा खण मात्र आषाढापासून अडकला आहे. मेणबत्ती घासून झाली, दोन्ही हातांनी ओढून झालं. चेकबुक नेमकं त्यातच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगून टाकलंय, मेंटेनन्सचा चेक दसऱ्यानंतर मिळेल. ते लॅमिनेटवाले आहेत, त्यांना खोटं वाटलं.