लोककलावंताचे घर : वास्तू की पाठशाळा?

थोर व्यक्तींची घरे स्मारक म्हणून जपण्याची रीत महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी रुजली आहे. मालगुंडचे केशवसुतांचे घर हे त्याचे परिचित उदाहरण होय. लेखकाच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते, कारण त्याची कृती पुस्तकाच्या रूपाने घराबाहेर पडलेली असते आणि घरात उरतात त्या केवळ त्याच्या आठवणी. लोककलावंताची गोष्ट निराळी आहे. लोककला म्हणजे एखाद्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आणि हाताच्या सवयीने चालत आलेली, विधी, सण, शेती किंवा उपजीविका यांच्याशी बांधलेली कला. तिची पाठशाळा, तिचे कोठार आणि तिची तालीम ही तिन्ही बहुधा एकाच छपराखाली असतात. त्यामुळे अशा घराचे संग्रहालय करताना वास्तू किती चांगली राखली यापेक्षा त्या कलेचा कोणता अंश मुळात घरात राहत होता, हे आधी ओळखावे लागते.

काही कलावंतांच्या बाबतीत घर हीच कलाकृती असते. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील मॉड लुईस या चित्रकर्तीने मार्शलटाउन येथील आपल्या एका खोलीच्या घराची दारे, भिंती, जिना, इतकेच काय पण चूलही फुलापाखरांनी रंगवून टाकली होती. 1970 मध्ये तिचे निधन झाले, 1984 मध्ये प्रांतिक सरकारने ते मोडकळीस आलेले घर विकत घेतले, आणि आज दुरुस्त केलेले ते संपूर्ण घर हॅलिफॅक्स येथील कलादालनाच्या आत उभे आहे. ऊन, पाऊस आणि बर्फ यांपासून ते वाचले हे खरे. परंतु रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांना चित्रे विकणारे ते घर रस्त्यापासून कायमचे तुटले. तरीही येथे मुख्य वस्तू हाती राहिली, कारण रंग लाकडावर होता आणि लाकूड हलवता येत होते.

जळगावातील चौधरीवाड्यात असलेले बहिणाबाई चौधरी यांचे स्मृतिसंग्रहालय दुसऱ्या प्रकारात मोडते. बहिणाबाईंचा जन्म 1880 मध्ये असोदे येथे झाला आणि लग्नानंतरचे त्यांचे आयुष्य जळगावातच गेले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता लेवा बोलीत सुचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतल्या, आणि 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. येथे कला भिंतीवर नव्हती, ती कामाच्या लयीत होती. म्हणूनच अशा घरातील नित्य वापराच्या वस्तू आणि शेतीची अवजारे इतर संग्रहालयांतील जुन्या भांड्यांसारखी पाहता येत नाहीत. दळण, पेरणी, मळणी या श्रमांशी ओवीचा असलेला संबंध प्रेक्षकाला कळला तरच त्या वस्तू बोलू लागतात, एरवी त्या केवळ जुन्या संसाराचा पसारा ठरतात.

तिसरा आणि सर्वांत बोधप्रद प्रकार सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात, पिंगुळी या गावी पाहावयास मिळतो. येथील ठाकर आदिवासी समाजाकडे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ, राधानृत्य अशा अनेक कलांचा वारसा आहे आणि सावंतवाडीच्या सावंत भोसले राजघराण्याचा आश्रय त्यांना पूर्वी लाभलेला होता. या समाजातील परशुराम विश्राम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घराजवळचा गुरांचा गोठा साफ करून तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले, आणि 2021 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. राजवाडा नाही, वाडाही नाही. कलावंताच्या संसारातील सर्वांत साधी जागा या कामासाठी निवडली गेली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवीत गाऊन सांगितलेली कथा. हातकागदाच्या सुट्या पानांवर रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंग क्रमाने रंगवलेले असतात. अशा एका आख्यानाच्या पानांच्या संचाला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असल्यामुळे पान उलटले की कथा पुढे सरकते. कथेकरी पान समोर धरून आख्यान लावतो आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीवर ते गातो. हुडूक हे कमरेत बारीक असलेले, हाताने वाजवायचे छोटे चर्मवाद्य होय. ही प्रथा बरीच जुनी असावी, कारण बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातही चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आढळतो. या शैलीतील जुनी चित्रे पैठण परिसरातही सापडल्याने ती दीर्घकाळ ‘पैठणी चित्रे’ म्हणून ओळखली गेली, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे.

केळकर संग्रहालयातील पान आणि पिंगुळीच्या गोठ्यातील पान एकाच परंपरेचे असले तरी त्यांचे आयुष्य वेगळे आहे. पुण्यात ते पान काचेआड एका क्षणी थांबलेले असते. बाजूकडून रंगवलेला चेहरा, मोठा डोळा आणि ठाशीव बाह्यरेषा प्रेक्षकाला नीट दिसतात, मात्र त्या पानाआधी काय घडले आणि पुढे काय घडणार हे सांगणारा आवाज तेथे नसतो. पिंगुळीत चित्र पाहणाऱ्यासमोर पोथी सोडणारा माणूस त्याच घरातला असतो. चामड्याच्या बाहुल्यांचेही तसेच आहे. पारदर्शक होईतो कमावलेल्या कातड्यावर रंगकाम आणि छिद्रकाम करून तयार केलेली ही बाहुली हातात घेतली तर एक सपाट आकृती वाटते, पण पडद्यामागे दिवा लागून तिची रंगीत सावली हलू लागली की तिचे खरे प्रयोजन कळते. दोऱ्यांनी नाचवायच्या लाकडी कळसूत्री बाहुलीला तर बोटांखेरीज अस्तित्वच नाही. या वस्तू भिंतीवर टांगून दाखवणे शक्य आहे, पण तेवढ्याने त्या दाखवल्या असे म्हणता येत नाही.

येथे एक विरोधाभासही दडलेला आहे. जीर्ण झालेली पोथी पाण्यात विसर्जित करण्याची रीत या परंपरेत सांगितली जाते. म्हणजे मूळ कल्पनेनुसार जुने पान जपायचे नसून त्या जागी नवे पान रंगवायचे असते. जोपर्यंत रंगवणारे हात घरोघर होते तोपर्यंत या रीतीने कलेचे काहीच नुकसान झाले नाही, उलट प्रत्येक पिढीला चित्र काढणे भाग पडले. परंतु सिनेमा आणि दूरचित्रवाणी यांमुळे रात्रीच्या खेळांचा प्रेक्षक ओसरला, देवळांतील मानाच्या प्रयोगांवर घर चालेनासे झाले आणि तरुण इतर कामधंद्याकडे वळले, तेव्हा तीच रीत नाशाला कारण ठरण्याची भीती निर्माण झाली. जुने पान राखून ठेवण्याचा निर्णय हा अशा वेळी परंपरेला दिलेला छेद असतो, आणि तो परंपरेच्याच भल्यासाठी घ्यावा लागतो. गंगावणे कुटुंबाने मात्र जुने राखतानाच नवे घडवणे थांबवले नाही. पुढची पिढी चित्रे काढते, खेळ करते, शिकवते, आणि बाहुल्यांच्या खेळांतून सामाजिक प्रबोधनाचे विषयही मांडले गेले आहेत. संग्रहालय हे तेथे कलेचे निवृत्तिस्थान झालेले नाही, ते तिच्या उदरनिर्वाहाचे एक साधन झाले आहे.

या तिन्ही घरांकडे उरणच्या किनाऱ्यावरून पाहिले की प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते. भाऊच्या धक्क्यावरून लाँच मोरा बंदराला लागते तो हा प्रदेश आगरी आणि कोळी समाजांच्या गीतांनी, नाचांनी आणि लग्नविधींनी समृद्ध आहे. आगरी लग्नात विधीच्या प्रत्येक टप्प्याला गायच्या पारंपरिक गीतांना धवले म्हणतात आणि ती गाणाऱ्या जाणत्या स्त्रीला धवलारीण. डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजातही धवलेरी असते, पण तेथे तिच्या गाण्याबरोबर सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे निदान भिंतीवर काही काळ खूण उरते. धवलारणीच्या मागे पोथी नाही, बाहुली नाही, रंगवलेली चूल नाही. तिचे सारे भांडार तिच्या स्मरणात असते आणि ते दुसऱ्या स्त्रीच्या स्मरणात जाते ते मांडवात शेजारी बसून, सूर मिळवत. अशा कलावतीचे घर जपायचे ठरवले तर नेमके काय जपायचे?

या किनाऱ्यावर घर ही गोष्टच स्थिर राहिलेली नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. नवी मुंबईसाठी 1970 पासून जमिनींचे संपादन सुरू झाले, 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले, त्या बंदरापायी जुना शेवा कोळीवाडा उठून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसला, आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू व उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे एकाच दिवशी सुरू झाल्यानंतर जागेच्या मागणीला आणखी जोर आला. जेथे गावेच हलतात तेथे एखाद्या कलावंताचे घर पुढील पन्नास वर्षे त्याच जागी उभे राहील, या गृहीतावर जतनाची योजना आखणे शहाणपणाचे नाही.

म्हणून मोरा आणि उरण परिसराला पिंगुळीकडून घ्यावयाचा धडा इमारतीचा नसून क्रमाचा आहे. तेथे आधी घरात कला चालू होती, मग गोठा रिकामा झाला. धवल्यांच्या बाबतीत पहिले काम म्हणजे आज गाणाऱ्या स्त्रियांचे ध्वनिमुद्रण, तेही सुट्या गाण्यांचे नव्हे तर कोणत्या विधीला कोणते गीत आणि ते कोणाकडून शिकले या तपशिलासह; दुसरे काम म्हणजे त्यांच्याजवळ बसून शिकणाऱ्या मुलींना आणि शिकवणाऱ्या बायांना मानधन; आणि मग तिसरे, त्यासाठी एखादी ओटी, समाजमंदिरातील एखादी खोली किंवा खरोखरच एखाद्या धवलारणीचे घर. हा क्रम उलटा केला तर उद्घाटनाची पाटी मिळेल, हारतुरे घातलेला फोटो भिंतीवर लागेल, आणि लग्नाच्या मांडवात धवला उचलून धरणारी दुसरी बाई मात्र सापडणार नाही.