आरोप झाला, निकाल लागला

पाकिस्तानातल्या शेखूपुरा जिल्ह्यात जून २००९ मध्ये फालसे तोडण्याच्या कामावर असलेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईने सोबतिणींसाठी पाणी आणले. तुझ्या हातचे बाटलेले पाणी आम्ही पिणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि भांडण जुंपले. चवदार तळ्याच्या मुलखातल्या वाचकाला यातली गोम समजावून सांगायला नको. पंजाबातले बहुतेक ख्रिस्ती हे धर्मांतर केलेल्या दलितांचे वंशज. धर्म बदलला, विटाळ काही सुटला नाही. सफाई कामगार हवेत, ‘फक्त बिगरमुस्लिम’, अशा सरकारी जाहिराती तिथे अगदी अलीकडेपर्यंत छापून येत होत्या.

पाण्यावरच्या या भांडणाचा पाच दिवसांत पैगंबरांच्या निंदेचा गुन्हा झाला. २०१० मध्ये आसियाला फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवायला ३१ ऑक्टोबर २०१८ उजाडला. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. दोन महिन्यांत धर्मनिंदेच्या कायद्याचे दुसरे टीकाकार, ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी, मारले गेले. तासीर यांच्या मारेकऱ्याला कोर्टात आणले तेव्हा त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. उधळणारे कोण, तर वकील!

तेव्हा माथेफिरू जमावाकडे बोट दाखवून इस्लामाबादला नामानिराळे राहता येणार नाही. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात, १९८६ साली आलेले कलम २९५-सी आरोपीचा हेतू विचारत नाही, शिक्षा मात्र मृत्यूची देते. खोटी तक्रार करणाऱ्याचे सहसा काहीच बिघडत नाही. या कलमाखाली सरकारने आजवर कोणाला फासावर चढवलेले नाही, असा एक बचाव असतो. चढवायची गरजच पडत नाही. ते काम परस्पर होते. या कायद्यात मुसलमानही मोठ्या संख्येने भरडले जातात, हे खरेच. पण ख्रिस्ती माणसावर आळ आला की अख्खी वस्ती आरोपी ठरते. १६ ऑगस्ट २०२३ रोजी फैसलाबाद जिल्ह्यातल्या जरांवाला इथे मशिदीच्या भोंग्यांवरून पुकारा झाला आणि दिवसभरात वीसहून अधिक चर्चची राखरांगोळी आणि नासधूस झाली. घरे सोडून पळालेल्या कुटुंबांनी ती रात्र उसाच्या फडात काढली.

अशा जाळपोळीचे पुढे काय होते? लाहोरच्या जोसेफ कॉलनीत मार्च २०१३ मध्ये ख्रिस्त्यांची शंभरावर घरे जाळण्यात आली. ज्याच्यावर निंदेचा आळ होता त्या ख्रिस्ती तरुणाला वर्षभराने फाशी सुनावण्यात आली. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले ते २०२० मध्ये. घरे जाळल्याच्या खटल्यातले ११५ आरोपी त्याच्या तीन वर्षे आधीच, पुराव्याअभावी, सुटले होते.