चुन्याच्या पुडीने गेलेली नजर

तंबाखूसाठी दाबलेली चुन्याची पुडी फुटते, चुना डोळ्यात उडतो आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भाजून निघतो. घरात पडलेल्या पुडीशी खेळणारी लहान मुलेही यात सापडतात. गंभीर इजा झालेल्या अशा डोळ्यात नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवला, तरी तो बहुधा टिकत नाही. कॉर्नियाचा वरचा थर सतत झिजत असतो. त्याची भरपाई करणाऱ्या मूलपेशी बुबुळ आणि पांढरा भाग यांच्यामधल्या अरुंद कडेवर असतात, आणि चुन्याने नेमकी ती कडच जळालेली असते.

चांगल्या डोळ्यातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून जळालेल्या डोळ्यावर लावता येतात, हे ग्राझिएला पेलेग्रिनी, मिकेले दे लुका आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांवर दाखवून दिले. त्यातून घडलेल्या उपचाराला युरोपने २०१५ मध्ये परवानगी दिली. पण अशी प्रयोगशाळा पोसणे आपल्या जिल्हा रुग्णालयांना झेपणारे नाही. म्हणूनच हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंदर सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत मोलाची. चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि वारेपासून मिळणाऱ्या पातळ आवरणावर जैविक गोंदाने चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात, प्रयोगशाळा लागतच नाही! संस्थेच्या १२५ रुग्णांच्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश जणांत ती यशस्वी ठरली.

दोन्ही डोळे जळालेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ओसाकातील कोहजी निशिदा यांच्या गटाने दात्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेला कॉर्नियाचा थर चार रुग्णांना लावला. तिघांची सुधारणा वर्षाहून अधिक टिकल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बातमी आनंदाची आहे, पण रुग्ण चारच. त्या जोरावर ‘मूलपेशींनी दृष्टी परत’ अशी जाहिरात कोणी करत असेल, तर दूर राहिलेले बरे.

हैदराबादची पद्धत मात्र आज हाताशी आहे. सरकारी नेत्रविभागांतील शल्यचिकित्सकांना ती शिकवणे हे निधीपेक्षा इच्छेचे काम आहे. आणि चुना फुटणाऱ्या पुडीऐवजी घट्ट झाकणाच्या डबीतूनच विकण्याची सक्ती करायला तर कोणत्याच संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. तोवर घरोघरी एवढे माहीत हवे: चुना डोळ्यात गेल्यास चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा.