'होतो' आणि 'हॅड'

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे' हे वाक्य वारंवार आढळते, आणि अध्यापक ते निष्काळजीपणाचे मानून लाल शाईने खोडतो. वस्तुतः ते 'काल मी पुण्याला गेलो होतो' या निर्दोष मराठी वाक्याचे शब्दशः भाषांतर होय. मराठीतील 'होतो'ला दुसऱ्या भूतकालीन घटनेची अपेक्षा असतेच असे नाही. जाऊन परत आल्याची, प्रसंग मिटल्याची सूचना तेवढी पुरते. इंग्रजी 'हॅड' मात्र सामान्यतः भूतकाळातीलच एखाद्या नंतरच्या क्षणावरून मागे पाहतो. 'तो कालच आला आहे' याचीही गत तीच : 'आहे'ला 'काल' चालतो, 'हॅज'ला चालत नाही. दोष मुळात 'पूर्ण' या संज्ञेचा. ती दोन्ही भाषांना सरसकट लावली की रूपांबरोबर अर्थही जुळतात, असा भ्रम शाळेतच रुजतो. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीच्या किती अध्यापकांनी ते उघडले असेल? 'गेलो' आणि 'गेलो होतो' यांतील भेद विद्यार्थ्याने प्रथम स्वतःच्या कानाने ओळखावा, 'हॅड' त्यानंतर. हे काम मराठीच्या तासालाही करता येईल. त्यासाठी दोन्ही विभागांना एकमेकांकडे जावे लागेल.