विश्लेषण : प्रिंटर ठणठणीत, मग नवा संगणक त्याला ओळखत का नाही?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर झेरॉक्सची दुकाने, वकिलांची कार्यालये, सोसायट्यांच्या कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी विंडोज ११ चे संगणक आले. टेबलावरचा प्रिंटर किंवा स्कॅनर मात्र जुनाच राहिला. साताऱ्यात माझ्या मामांच्या दुकानातही तेच झाले. नवा संगणक जोडला आणि बारा वर्षे बिनतक्रार चाललेला स्कॅनर ‘अननोन डिव्हाइस’ झाला. विक्रेत्याचा सल्ला एका वाक्यात संपला, ‘भंगारात काढा.’ मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, तर त्याच संगणकावर त्याच स्कॅनरने पहिल्या फटक्यात पान उमटवले. म्हणजे यंत्र धडधाकट होते, अडले होते ते ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर नेमका कुठे अडतो?

ड्रायव्हर हा कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यातला दुभाषा. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर चालतात, कारण त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळी सोय आहे. ड्रायव्हरचा मुख्य भाग मात्र कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो आणि तिथे अशी सोय नाही. त्यामुळे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावून पाहा, हा सल्ला अर्धाच खरा आहे. विंडोजची आवृत्ती पाहून अडून बसणारा सेटअप त्याने पुढे सरकतो, पण ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट होत नाही. मामांच्या स्कॅनरला कंपनीने ६४-बिट ड्रायव्हर कधी दिलाच नव्हता.

दुसरा अडथळा डिजिटल सहीचा. ६४-बिट विंडोज सही नसलेला कर्नल ड्रायव्हर घेत नाही. शिवाय ‘मेमरी इंटिग्रिटी’ सुरू असेल तर सही असलेले काही जुने ड्रायव्हरही अडतात. ही सुरक्षा बंद करा, असे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग शोधायचे कसे?

मॉडेलच्या नावाने शोधले की सर्वांत वर बहुधा ‘ड्रायव्हर अपडेटर’ विकणाऱ्या साइट येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, यंत्राच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ आणि तिथे ‘हार्डवेअर आयडी’ पाहा. त्यातला व्हीआयडी म्हणजे उत्पादकाचा क्रमांक (एचपीचा ०३एफ०, कॅननचा ०४ए९) आणि पीआयडी म्हणजे त्या यंत्राचा. खोक्यावरचे नाव फसवे असू शकते, हा क्रमांक सहसा नेमके सांगतो. तो घेऊन आधी कंपनीचे सपोर्ट पान पाहावे, नंतर मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. विंडोज ११ चा ड्रायव्हर नसेल तर विंडोज १०, अगदी विंडोज ७ चा ६४-बिट ड्रायव्हरही घेऊन पाहावा. तो अनेकदा चालतो. कॅटलॉगमधली फाइल उलगडून ‘हॅव डिस्क’मधून दाखवावी लागते, एवढाच खटाटोप.

कधी कधी मात्र नवा ड्रायव्हरच खोडा घालतो. वजनकाटा किंवा जुने सीएनसी मशीन जोडायच्या यूएसबी-सीरियल केबलमध्ये बऱ्याचदा प्रोलिफिकची पीएल२३०३ चिप असते. तिच्या जुन्या प्रकारांना कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून वगळले आहे. अशी केबल लावली की विंडोज आपणहून नवा ड्रायव्हर बसवते आणि पिवळे त्रिकोणी चिन्ह येते. ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन यादीतून जुनी आवृत्ती हाताने निवडली की तीच केबल चालू होते. कार्यशाळेत दोन दिवस मशीन बंद ठेवून नवी केबल मागवण्याआधी हे करून पाहायला हरकत नाही.

प्रिंटरचे पुढे काय?

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार, जानेवारी २०२६ पासून कंपन्यांचे नवे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून येणे थांबते आणि जुलै २०२७ पासून त्या मार्गाने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. बसवलेला ड्रायव्हर बंद पडणार नाही, कंपनी स्वतःच्या साइटवरूनही तो देऊ शकेल. मायक्रोसॉफ्टचा भर आहे सर्वांना एकच ‘आयपीपी’ ड्रायव्हर देण्यावर. नव्या प्रिंटरसाठी ते उत्तमच. पण आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे एचपी लेसरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० हे पान स्वतः रचत नाहीत, ते काम संगणकावरच्या ड्रायव्हरकडून करून घेतात. सर्वांसाठीचा ड्रायव्हर त्यांच्या कामाचा नाही. म्हणजे त्यांचे आयुष्य कंपनीच्या सपोर्ट पानावर टांगलेले आहे.

आपल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर जबाबदारी आहे, पण भर यंत्र भंगारात गेल्यानंतरच्या पुनर्चक्रणावर. ते भंगारात जाऊच नये म्हणून शेवटचा ड्रायव्हर कायम डाउनलोडला ठेवणे आणि सपोर्ट बंद करताना यंत्राशी बोलण्याची भाषा खुली करणे, एवढे बंधन घालायला काय हरकत आहे? काही मेगाबाइटच्या फाइलचा प्रश्न आहे.

तोवर, जुना संगणक पुसण्याआधी त्यातले ड्रायव्हर ‘पीएनपीयूटिल’ या विंडोजमधल्याच आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मामांना लिनक्स नको होते. त्यांचा जुना संगणक आता इंटरनेटची वायर काढून टेबलाखाली ठेवला आहे, फक्त स्कॅनरसाठी.